सामान राखायला कुणी नको

मैत्रिणींनो, लोणच्याच्या मोहरीपासून मुलांच्या गणवेशापर्यंत नाना विषयांवर तुमची पत्रं येतात. पण गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून आलेलं एक पत्र मी दोनदा वाचलं. या भगिनी एप्रिलअखेर सहकुटुंब अंदमानला निघाल्या आहेत. यजमान, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि त्या स्वतः. सहा दिवसांचा बेत. त्यात दोन-तीन दिवस स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ सालापर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर. तिथे यजमान आणि मुलगी 'स्कूबा' करणार, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली मासे आणि प्रवाळ बघायला जाणार. पुढे बाई लिहितात, 'मला पोहता येत नाही. मी धाकट्याला घेऊन किनाऱ्यावर सामान राखत बसेन. तर सोबत खाण्याचे टिकाऊ पदार्थ काय न्यावेत ते कळवा.' आणि पत्राच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ: 'ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्रवास ठरवून देणारा म्हणतो, तिथे एक फॉर्म भरून घेतात, त्यावर सगळीकडे नाही लिहून टाका.'

टिकाऊ पदार्थ सांगते हो, पण ते शेवटी. आधी ही गंमत बघा. घरात ज्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये ते बिनधास्त उतरणार, आणि जिला पत्रावरून तरी काही दुखणं दिसत नाही ती बाई चपला राखणार!

पोहता येत नाही ही अडचण नव्हेच. स्कूबाचे दोन प्रकार असतात. एक रीतसर अभ्यासक्रम, तीन-चार दिवसांचा. त्यात चार वेळा समुद्रात उतरवतात, १८ मीटरपर्यंत जाण्याचा दाखला देतात, आणि त्याला पोहणं यावंच लागतं. दोनशे मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं तरंगून. दुसरा प्रकार नवख्यांसाठी. त्यात प्रशिक्षक सतत जवळ असतो, तुमची टाकी नाहीतर पट्टा त्याच्या हातात असतो, आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. बहुतेकदा त्याच्याही बरंच वर. याला पोहण्याची अट नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा मला पोहण्याचा गंध नव्हता. तरी अर्धा तास मी पाण्याखाली होते आणि तेवढा वेळ घरातलं कुणीही मला 'माझा टॉवेल कुठाय' असं विचारू शकलं नाही, हा फायदा वेगळाच!

पाठीवरच्या टाकीला सगळेजण ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. तसं नसतं. त्यात साधी हवाच असते, आपण घरात घेतो तीच, फक्त दाबून भरलेली. तोंडात धरायच्या झडपेतून ती श्वास घेऊ तेवढीच आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाला जुळेल अशी येते. ही युक्ती १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी बसवली. तोवर पाणबुड्या माणसाला बहुतेकदा वरच्या बोटीतून नळीनं हवा पुरवावी लागे. तोंडानं श्वास घ्यायचा, तोंडानंच सोडायचा, नाक मुखवट्यात बंद. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो, हे खोटं कशाला सांगू? मग आपल्याच बुडबुड्यांचा आवाज ऐकू यायला लागतो आणि घड्याळाच्या टिकटिकीसारखी त्याची सवय होते.

नियम एकच, पण तो काळ्या दगडावरची रेघ समजा. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेला फुगा वर आणला तर दुप्पट फुगेल. छाती हवेनं भरून, तोंड मिटून कुणी घाईनं वर आलं तर फुप्फुसांचं तेच होईल. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचं. घाबरल्यावर श्वास रोखणं हा माणसाचा स्वभाव आहे, म्हणून ही सवय घरीच करा. नाक चिमटीत धरून पाच मिनिटं शांतपणे तोंडानं श्वास घ्यायचा. मुलं हसतील, हसू द्या. मग त्यांनाही करायला लावा.

आता त्या फॉर्मकडे येऊ, कारण या साऱ्या बेतात खरी जोखीम तिथेच आहे. त्यात विचारतात: दमा आहे का, हृदयाचा काही विकार, रक्तदाब, मधुमेह, फेफरं, कानाचं दुखणं किंवा शस्त्रक्रिया, मोठं ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का, औषधं कोणती चालू आहेत. एखाद्या प्रश्नाला 'होय' आलं की डॉक्टरांची सही लागते, आणि ती सही बेटावर आयत्या वेळी मिळत नाही. मग केंद्रावरचा माणूस म्हणतो राहू द्या, किंवा आपणच 'होय' खोडून 'नाही' करतो. पैसे भरलेले असतात, मुलगी तयार होऊन उभी असते, मागे रांग असते. अशा वेळी कुणाचाही हात 'नाही'कडेच जातो.

पण हे प्रश्न उगाच विचारलेले नसतात. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आकसल्या की फुप्फुसात हवा अडकते, आणि वर येताना तीच अडकलेली हवा फुगते. रक्तदाबाचं म्हणाल तर पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाला एरवीपेक्षा जास्त काम पडतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा असतात की श्रम वाढले तरी नाडी हवी तेवढी वाढू देत नाहीत. रक्तदाब आटोक्यात असला तर डॉक्टर पुष्कळदा परवानगी देतातही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, प्रवास ठरवून देणाऱ्यानं नव्हे! पाण्याखाली बोलता येत नाही, बाई. ज्याच्या हाती आपलं माणूस सोपवतो त्या प्रशिक्षकाला काहीच माहीत नसेल, तर त्यानं तिथे ओळखायचं कशावरून?

तेव्हा केंद्राकडून तो फॉर्म महिनाभर आधी मागवून घ्या. चौघांचे चार नव्हे, तिघांचे तीन, कारण धाकटा आठ वर्षांचा आहे आणि दहा वर्षांखालच्या मुलाला टाकी बांधून खाली नेत नाहीत. हे फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवून खरं खरं भरा आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. यजमान म्हणतील, 'एवढ्याशा गोळीचं काय सांगायचं?' वाद घालू नका. 'मी माझा भरलाय, तुमचाही त्यांना दाखवू या' एवढंच म्हणा. आमच्या घरी असंच झालं, आणि आमच्या ह्यांच्या कानात मळ साचून खडा झालेला निघाला. तो काढला नसता तर पाण्याखाली दुखलं असतंच.

कानांवरून आठवलं. घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तेच पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतं, आणि जास्त जोरात. उपाय साधा आहे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून फुंकर मारायची. दुखायला लागल्यावर नव्हे, आधीपासून, थोड्या थोड्या वेळानं. दुखलंच तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर मात्र त्या दिवशी उतरायचंच नाही, कारण नाक चोंदलेलं असलं की ही फुंकर कानापर्यंत पोचत नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरू असंही म्हणू नका. तिचा असर खालीच ओसरला तर वर येताना पंचाईत.

खुणा शिकवतात त्याही घरी घोकून ठेवा. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर जायचंय'. छान म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पंजा सपाट धरून हलवला की 'काहीतरी बिघडलंय'. आमच्या मुलीला पाण्याखाली इतकी मौज वाटली की तिनं आनंदानं अंगठा दाखवला, आणि प्रशिक्षकानं तिला लगेच वर आणलं. बिचारी रडकुंडीला आली!

धाकट्याचा प्रश्न सोपा आहे, फक्त आधी बोलून ठेवायला हवा. दोन पाळ्या करा. पहिल्या पाळीत यजमान आणि मुलगी, दुसऱ्या पाळीत तुम्ही. तुम्ही खाली असताना मुलगा वडिलांजवळ. आणि त्याला अगदीच वगळायचं नाही. त्याच बेटावर एलिफंट बीच म्हणून जागा आहे. तिथे उथळ पाण्यात मुखवटा लावून, श्वासाची नळी तोंडात धरून, वरूनच तरंगत मासे दिसतात. पोहण्याचं जाकीट घालून त्याला ते सहज जमेल. सामानाला कुणी नको. केंद्रावर कपाट असतं, आणि दागिने मुळात न्यायचेच नाहीत.

दागिन्यांबद्दल स्पष्टच लिहिते. मंगळसूत्र जाकिटाच्या पट्ट्यात अडकतं, काचेच्या बांगड्या फुटून लागतात, लोंबते कानातले मुखवट्याच्या रबरात गुंततात. सगळं काढून ठेवायचं. सासूबाई काय म्हणतील असं मनात आलं तर त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. माझ्या सासूबाईंनी आपल्या हातानं काळ्या दोऱ्याचं एक साधं मंगळसूत्र ओवून दिलं, तेही मी पाण्यात उतरताना पर्समध्ये ठेवलं. केसांची घट्ट वेणी घाला. मुखवट्याच्या कडेखाली चार केस आले तरी पाणी आत झिरपतं. चष्मा असेल तर केंद्राला नंबर कळवा. नंबराचे मुखवटे पुष्कळ ठिकाणी ठेवतात, पण आधी सांगितलं तरच.

कपड्यांचा संकोच मलाही होता. केंद्रावर जाड, रबरासारख्या कापडाचा अंगाबरोबर बसणारा वेटसूट देतात. हातपाय झाकणाराही मिळतो, तसा मागून घ्या. त्याच्या आत घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घातला की झालं. गळ्याशी आवळत असेल तर दुसरा मागायचा, सोसत बसायचं नाही. बाई प्रशिक्षक हवी असेल तर नोंदणी करतानाच विचारा. अशा मुली आता या कामात आहेत. आणि पाळीचं. पाळीत उतरायला शास्त्राची हरकत नाही, मात्र पॅड पाण्यात चालत नाही, टँपॉन किंवा कप लागतो. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी मात्र उतरायचं नाही.

आता दिवसांची मांडणी. स्कूबाचा बेत शेवटच्या दिवसाकडून मागे आखत यायचा असतो, आणि प्रवास आखून देणारे नेमकं उलट करतात. आमच्या कार्यक्रमात निघायच्या दिवशी सकाळी आठला स्कूबा, साडेदहाची बोट आणि दुपारी तीनचं विमान असं लिहिलं होतं. मी दिवस बदलून मागितला तर उत्तर मिळालं, 'आजवर कुणाची तक्रार नाही.' खाली दाबाची हवा घेताना तिच्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो निघून जायच्या आत विमानात बसलं, की उंचावरच्या कमी दाबानं त्याचे बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तसे. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकदाच उतरलेल्यानं निदान १२ तास, आणि पुन्हा पुन्हा उतरलेल्यानं निदान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. आपण संसारी माणसं, तासांचा हिशेब नको. पूर्ण एक दिवस कोरडा ठेवावा.

सहा दिवसांत हे असं बसतं. पहिला दिवस पोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं स्वराज द्वीप. खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास. तिकिटं आधी काढा, हंगामात ती संपतात. तिसरा दिवस स्कूबाचा. चौथा मोकळा, कारण समुद्र खवळला किंवा कुणाला शिंका आल्या तर हाच दिवस कामी येतो. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजया पुरम झालं आहे. हा कोरडा दिवस सेल्युलर जेलसाठी राखा. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तिथे होते. त्यांची कोठडी पाहायला मराठी माणसं आवर्जून जातात. ती घाईघाईनं, ओल्या केसांनी, विमानाकडे डोळे लावून पाहू नये असं मला वाटतं. सहाव्या दिवशी विमान.

एप्रिलअखेर हा काळ तुम्ही छान निवडलात. शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते म्हणून सांगते, नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी अंदमानला पोचतात, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. मग पाणी गढूळतं, बोटी रद्द होतात. दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण तेव्हा तिथे परतीचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. जानेवारी ते एप्रिल पाणी नितळ. नाताळात गर्दी फार, आणि दरही चढे.

पाऊस एवढा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणूनच ते बेट इतकं हिरवंगार आहे. राधानगरच्या किनाऱ्यावर जंगल थेट वाळूपर्यंत आलंय, मान वर केली तरी शेंडा दिसत नाही अशी झाडं. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली, त्यामुळे ताटात मोहरीच्या तेलातला मासा आणि भात. सूर्य आपल्या घड्याळाचं ऐकत नाही. बेट इतकं पूर्वेला आहे की एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य मावळतो. चहा-फराळ करून निवांत किनाऱ्यावर जाऊ म्हणाल तर काळोखच पाहाल. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायांना खोबरेल चोळून बसा. आणि मगरीच्या सूचनेचा फलक दिसला तर तो शोभेचा समजू नका. २०१० साली या बेटावर मगरीनं एका परदेशी बाईंचा बळी घेतला होता. जीवरक्षक सांगेल तिथेच पाण्यात शिरायचं.

खाली गेल्यावर कॅलेंडरवरच्या चित्रासारखे रंग दिसतीलच असं नाही. तांबडा रंग पाण्यात सर्वांत आधी हरवतो. माझ्या नखांचा लाल रंग खाली काळपट तपकिरी दिसत होता. शिवाय २०१० साली समुद्र तापून तिथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले, त्यानंतरही असे उन्हाळे आले. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण असतो जिवंत. त्यावर पाय टेकू नका, हात लावू नका. वाळूत पडलेला मेलेला तुकडासुद्धा मुलांना दप्तरात टाकू देऊ नका, कायद्यानं तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मासे मात्र मनसोक्त. समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत लपणारा केशरी-पांढरा विदूषक मासा मला दिसला तेव्हा तो माझ्याकडे, 'कोण गं तू' अशा नजरेनं बघत होता.

केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. प्रशिक्षकाकडे पॅडी किंवा एसएसआयसारख्या संस्थेचा दाखला आहे का? नवख्या माणसामागे एक प्रशिक्षक देता ना? आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव घेता का? तातडीसाठी ऑक्सिजन जवळ ठेवता का? तो मात्र खरा ऑक्सिजन हवा. फॉर्मचं नाव काढल्यावर 'नुसती सही करा' म्हणाले तर पुढच्या केंद्राकडे जा. माणशी काही हजार रुपये लागतात. तिघांचं जमत नसेल तर एक वेळचं हॉटेल साधं घ्या, पण यादीतून आपलं नाव खोडू नका. आणि अंदमान लांब वाटणाऱ्या मैत्रिणींसाठी आपलं मालवण आहेच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हेच करवतात. पाणी तितकं नितळ नसतं, पण पहिली भीती मोडायला पुरेसं आहे. तिथेही फॉर्म खराच भरायचा.

आता खाण्याचं. बोटीत मळमळणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या. उतरायच्या सकाळी हलकं खायचं, गुरगुट्या भात-मेतकूट किंवा दोन केळी. तळलेलं, मसालेदार नको. उलटी झाली तर पाण्याखाली फार वाईट. पाणी भरपूर प्या, शहाळी तिथे मुबलक आहेत. वर आल्यावर मात्र अशी भूक लागते की विचारू नका, त्यासाठी गुळपापडीच्या वड्या आणि मेथीचे खाकरे. ओल्या हवेत चिवडा दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो, तो नेऊ नका. शंकरपाळ्या टिकतात, पण डबा घट्ट झाकणाचा हवा. आमच्या शंकरपाळ्या तिथल्या मुंग्यांनी एका रात्रीत शोधल्या.